कृतीचा कर्ता : वाचकास कार्यप्रवृत्त करणाऱ्या वैचारिक गद्यातील प्रकरणरचना

प्रस्तावना

मराठीतील वैचारिक गद्याचा एक मोठा भाग केवळ माहिती देण्यासाठी अथवा मतप्रदर्शनासाठी लिहिला गेलेला नाही. वाचकाने उठून काही करावे, यासाठी तो लिहिला गेला आहे. या लेखनातील विचारांची मीमांसा अभ्यासकांनी विपुल केली आहे. त्याच्या बांधणीकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. एखादे प्रकरण कोठे सुरू होते, कोणत्या क्रमाने पुढे सरकते, कोठे थांबते आणि थांबताना वाचकाच्या हाती नेमके काय ठेवते, हे प्रश्न बहुधा शैलीच्या सदरात ढकलले जातात व तेथेच विसरले जातात.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय केवळ वाङ्मयेतिहासाचा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुस्तिका, दूरशिक्षणाचे अभ्याससाहित्य, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००३ च्या सुमारास पदवी स्तरावर अनिवार्य झालेल्या पर्यावरण अभ्यासाची पाठ्यपुस्तके, ग्रामीण भागासाठी काढलेली माहितीपत्रे अशा स्वरूपाचे कृतिप्रवण लेखन आज प्रामुख्याने अध्यापकच करीत असतात. त्यातील बहुतेक प्रकरणांचा शेवट ‘जनजागृती होणे ही काळाची गरज आहे’ अशा एखाद्या वाक्याने होतो. हे वाक्य चुकीचे नाही. पण ते वाचून कोणी काही केल्याचे ऐकिवात नाही. असे का व्हावे, याचा शोध महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आधारे घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. तुलनेसाठी ‘हिंद स्वराज्य’ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या दोन ग्रंथांचा अल्प परामर्श घेतला आहे. कृतिप्रवण प्रकरणाची स्पष्टता व संक्षेप ही वाक्याच्या लांबीवर अवलंबून नसून कृतीचा कर्ता कोण हे निश्चित करण्यावर अवलंबून असते, हा या लेखाचा प्रतिपाद्य मुद्दा होय.

‘असूडा’ची पाच प्रकरणे

‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. त्याची पार्श्वभूमी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा अस्तित्वात आला. म्हणजे शेतकऱ्याच्या दुःस्थितीवर लिहिलेला कागद त्या वेळी दुर्मीळ नव्हता. आयोगाचा अहवाल ज्यांच्या हाती कायदा करण्याची सत्ता होती, त्यांच्याच टेबलावर गेला. आणि कायदा झाला. जोतीरावांसमोरचा प्रश्न अधिक बिकट होता. ज्याच्याविषयी लिहायचे तो शेतकरी बहुतांशी निरक्षर, आणि ज्याने उपाय करायचा ते सरकार परभाषिक. एकाच ग्रंथाला या दोघांशी बोलायचे होते.

हा ग्रंथ पाच प्रकरणांचा आहे. त्यांच्या शीर्षकांपाशीच प्रथम थांबले पाहिजे. आजच्या पुस्तकात अशा प्रकरणांना ‘शेतकरी व धर्म’, ‘शेतकरी व प्रशासन’ अशी नावे मिळाली असती. जोतीरावांची पहिल्या तीन प्रकरणांची शीर्षके पूर्ण वाक्यांची, किंबहुना दीर्घ वाक्यांची आहेत. आणि त्या प्रत्येक वाक्यात करणारा कोण, तो काय करतो व त्याचा परिणाम काय होतो, या तिन्ही गोष्टी येतात. पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकाचा आशय पाहावा : सरकारी खात्यांत ब्राह्मण कामगारांचे प्राबल्य असल्यामुळे त्यांचे जातबांधव धर्माच्या मिषाने शेतकऱ्यास इतके नाडतात की, मुलांना शाळेत पाठविण्याइतके साधन त्याच्याजवळ उरत नाही, आणि ज्याच्याजवळ साधन उरते त्यालाही दुरुपदेशामुळे तशी इच्छा होत नाही. हे शीर्षक वाचल्यावर प्रकरण कशाचे आहे, हे सांगावे लागत नाही. अनुक्रमणिका हाच ग्रंथाचा सारांश ठरतो.

प्रकरणाच्या आतील रचनाही याच शीर्षकाला बांधलेली आहे. शेतकऱ्याच्या घरी मूल जन्माला येण्याच्या आधीपासून ते मरणोत्तर विधींपर्यंत कोणकोणत्या निमित्तांनी पैसा जातो, याची मांडणी पहिल्या प्रकरणात येते. आयुष्यक्रमाबरोबरच वर्षाचे बारा महिने, त्यांतील सण, ग्रहणे, यात्रा हा दुसरा क्रमही तेथे आहे. या दोन क्रमांची निवड मार्मिक म्हणावी लागेल. जन्म-लग्न-मरण आणि चैत्र ते फाल्गुन हे दोन्ही क्रम शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले. ऐकणाऱ्याला पुढे काय येणार हे ठाऊक असते, त्यामुळे त्याचे लक्ष क्रम सांभाळण्यात न जाता बेरजेकडे जाते. आणि बेरीज कशाची, हे शीर्षकाने आधीच सांगून ठेवलेले असते, ते म्हणजे शाळेत न गेलेल्या मुलाची. विधींची यादी कितीही लांबली तरी ती भरकटत नाही, कारण प्रत्येक नोंद त्याच एका खात्यात जमा होते. येथे धर्मचिकित्सा आहेच, पण प्रकरणाचा हिशेब शिक्षणाचा आहे.

दुसऱ्या प्रकरणात दृष्टी गोऱ्या अधिकाऱ्यांकडे वळते. ऐषआरामात गुंतल्यामुळे त्यांना शेतकऱ्याच्या खऱ्या स्थितीची चौकशी करण्यास सवड नाही, आणि त्यांच्या या गाफीलपणामुळे हाताखालचे कामगार शेतकऱ्यास लुबाडतात, असा कार्यकारणभाव तेथे मांडला आहे. दोषाची विभागणी येथे काळजीपूर्वक केलेली दिसते : एकाचा दोष लुबाडण्याचा, दुसऱ्याचा न पाहण्याचा. हे दोन दोष वेगळे ठेवल्यामुळेच पुढे उपाय सांगताना कोणाकडून काय मागायचे, हे स्पष्ट राहते.

तिसरे प्रकरण मात्र या दृष्टीने सैल आहे. इराणातून आलेले आर्य, शूद्र शेतकऱ्यांची उत्पत्ती, आणि मग वर्तमान सरकारने नोकरांच्या मोठ्या पगारांसाठी व पेन्शनींसाठी बसविलेले नवे कर असे तीन विषय त्यात एकत्र आले आहेत. कराविषयीचा भाग धारदार आहे; इतिहासाचा भाग आजच्या संशोधनाच्या कसोटीवर जसाच्या तसा टिकणारा नाही. परंतु प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची गोष्ट निराळी. इतिहासाच्या त्या पानांत वाचकाच्या हाती करण्यासारखे काही नाही, आणि नेमकी तेथेच ग्रंथाची गती मंदावते. अर्थात शेतकऱ्याला आत्मभान देणे हीही एक कृतीच होय, असा युक्तिवाद करता येईल, व तो अगदीच निराधार नाही. तरीही ते काम स्वतंत्र प्रकरणाचे होते. कराच्या जमाखर्चाशी त्याची सांगड घातल्याने दोहोंचेही बळ कमी झाले.

चौथे प्रकरण या ग्रंथाचा कळस होय. येथे एक कुणबी कलेक्टरच्या मुक्कामावरून निराश होऊन परततो आहे आणि स्वतःशीच बोलतो आहे. वाढलेला सारा, कर्ज, घरातली माणसे, ज्यांच्यापाशी दाद मागावी त्यांची वागणूक, सारे त्याच्या मनात एकामागून एक येत जाते. नंतर लेखक त्याच्या घराकडे वळतो व घरातील वस्तूंची, माणसांच्या अंगावरील वस्त्रांची, अन्नाची, गुरांच्या जागेची नोंद करतो. ही नोंद शेतकऱ्यास खूश करणारी नाही. त्याची अस्वच्छता, गैरशिस्त, त्याची स्वतःची चूक यांवर पांघरूण घातलेले नाही. दयेला आवाहन करणाऱ्या लेखनात असे सहसा आढळत नाही; तेथे पीडित नेहमी निर्दोष असतो. जोतीरावांना दया नको आहे. शेतकऱ्याच्या हातून जे सुधारू शकते ते आणि जे केवळ सरकारच्याच हातून सुधारू शकते ते, यांची निवड त्यांना करावयाची आहे; आणि ती करण्यासाठी घर आहे तसे दाखविणे अपरिहार्य होते.

हे प्रकरण चौथे आहे, पहिले नाही, हेही विचार करण्यासारखे आहे. करुण चित्राने प्रारंभ करून वाचकाचे मन वेधावे आणि मग कारणमीमांसेकडे वळावे, हा रुळलेला मार्ग. ‘असूडा’त क्रम उलट आहे. कुणबी वाटेने पुटपुटत येतो तेव्हा वाचकाला त्याच्या प्रत्येक तक्रारीमागचे कारण तीन प्रकरणांतून माहीत झालेले असते. त्यामुळे त्या स्वगतातून केवळ दुःख ऐकू येत नाही, त्यामागची यंत्रणा दिसते.

कर्ता आणि क्रियापद

पाचवे प्रकरण उपायांचे. कृतिप्रवण ग्रंथांची कसोटी बहुधा याच ठिकाणी लागते आणि बहुतेक ग्रंथ येथेच ढिले पडतात. जोतीरावांच्या सूचनांपैकी काही अशा : लष्करातील व पोलीस खात्यातील रिकाम्या शिपायांकडून सरकारने ठिकठिकाणी ताली-बंधारे अशा बेताने बांधवावेत की, पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांना मिळावे, पाणाड्यांकडून जमिनीतील झऱ्यांचा शोध घेऊन त्यांच्या नोंदी कराव्यात, नदीनाल्यांतील व तलावांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना नेऊ द्यावा, गायराने परत करावीत, परदेशांतून उत्तम जातीची मेंढरे-बकरी आणून त्यांची पैदास करावी, शेतकऱ्यांच्या मालाची प्रदर्शने भरवून व नांगरटीच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत. पाटबंधाऱ्याच्या पाण्याविषयी लिहिताना, प्रत्येकाच्या जमिनीच्या मानाने पाणी मिळावे म्हणून तोट्या बसवून देण्याची कल्पना त्यांनी मांडली आहे. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी ठेकेदार म्हणून त्यांचा संबंध आलेला होता. पाण्याविषयीच्या या सूचनांतील नेमकेपणाला तो अनुभव कारणीभूत असावा.

या सूचनांतील प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारून पाहावेत : कोणी करावे, काय करावे, कशाने करावे, झाले की नाही हे कशावरून ओळखावे. चारही प्रश्नांची उत्तरे बहुतेक ठिकाणी मिळतात. बंधारे कोणाच्या श्रमाने बांधावेत हेसुद्धा सांगितलेले आहे, आणि हे श्रम सरकार पोसतच असलेल्या माणसांचे असल्यामुळे ‘पैसा कोठून आणावा’ ही पहिली हरकत आपोआप निकालात निघते. हरकतीचे नावही न घेता तिचे उत्तर देऊन टाकणे, हा संक्षेपाचा फार उंच प्रकार होय.

येथे मराठी भाषेच्या स्वभावाविषयी एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक आहे. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या पुरुष-वचनाला बांधलेले असते. कर्ता उच्चारला नाही तरी क्रियापद त्याची ओळख देते. कर्मणी व भावे प्रयोगांत तृतीयेतील कर्ता गाळून टाकला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्णच राहते. ‘झाडे लावली पाहिजेत’, ‘उपाययोजना करावी’ ही वाक्ये निर्दोष आहेत, आणि त्यांत कोणीही नाही. आदेश, सूचना, उपदेश हे सारे मराठीत मुख्यतः याच प्रयोगांतून व्यक्त होत असल्याने कृतिप्रवण लेखकाच्या वाटेत हा खड्डा नेहमीच असतो. त्यापुढची पायरी म्हणजे क्रियापदाचेच नाम करून टाकणे : ‘जनजागृती होणे’, ‘प्रबोधन घडणे’, ‘अंमलबजावणी होणे’. आता कर्त्याची जागा भाववाचक नामाने घेतली. माणूस व्याकरणातूनही बाहेर गेला. शासकीय परिपत्रकांच्या भाषेने या सवयीला खतपाणी घातले, आणि विद्यापीठीय गद्याने ती प्रौढपणाचे लक्षण मानून स्वीकारली. जोतीरावही विध्यर्थाचाच वापर करतात. परंतु ‘सरकारने’ हा शब्द ते गाळत नाहीत. फरक एका तृतीयान्त पदाचा आहे.

हाच विशेष अन्य दोन ग्रंथांत निराळ्या रूपात दिसतो. महात्मा गांधींनी ‘हिंद स्वराज्य’ नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस परतताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर दहा दिवसांत गुजरातीत लिहिले. वीस छोट्या प्रकरणांच्या या संवादरूप पुस्तकाच्या अखेरीस एकोणीस कलमांची यादी येते. तिच्यात ‘जनता’ नाही. वकील आहे, डॉक्टर आहे, धनिक आहे, आणि प्रत्येकाने काय सोडावे व काय हाती घ्यावे हे नाव घेऊन सांगितले आहे. ती कृती पटो अथवा न पटो, आपल्याला उद्देशून काय म्हटले आहे हे कोणत्याही वकिलाला विचारावे लागत नाही. मुंबई सरकारने १९१० मध्ये या पुस्तकावर बंदी घातली.

‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हे १९३६ चे, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी इंग्रजीत लिहिलेले पण होऊ न शकलेले अध्यक्षीय भाषण. मंडळाने त्यातील मजकुराला हरकत घेतली, बदल करण्यास डॉ. आंबेडकरांनी नकार दिला, आणि अखेर त्यांनी ते स्वखर्चाने छापले. ग्रंथाचा मोठा भाग तत्त्वचर्चेचा असूनही अखेरीकडे पौरोहित्याविषयीच्या सूचना येतात तेव्हा भाषा एकदम मसुद्याची होते : एक प्रमाण धर्मग्रंथ, पुरोहितपद वंशपरंपरेने नव्हे तर परीक्षेने, राज्याची सनद नसलेल्याने केलेला विधी बेकायदेशीर, पुरोहित हा राज्याचा नोकर, आणि पुरोहितांची संख्या कायद्याने मर्यादित. तत्त्वाचा विस्तार आणि मागणीचा संकोच यांतील हे प्रमाण अभ्यासण्याजोगे आहे.

संक्षेपाचा अर्थ

‘असूडा’तील वाक्ये लांब आहेत. पोटवाक्यांची माळ कित्येकदा अर्धे पान व्यापते. लहान वाक्य म्हणजे सुबोध वाक्य, या आज सर्वत्र शिकविल्या जाणाऱ्या नियमाने पाहिले तर जोतीरावांचे गद्य नापास ठरेल. पण या ग्रंथाचे भाग लेखन चालू असतानाच मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर येथील लोकांपुढे वाचून दाखविले जात होते. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांपुढेही त्याचे वाचन झाले. ऐकणाऱ्यांना ते समजत होते. बोलीतील याद्या, नेहमीच्या वापरातले शब्द आणि वाक्याच्या शेवटी नेमके येणारे क्रियापद यांच्या आधाराने श्रोता लांब वाक्य सहज पार करतो. त्याला अडखळायला लावते ते भाववाचक नामांचे जडजंबाल. मग वाक्य सहाच शब्दांचे का असेना.

तेव्हा संक्षेप म्हणजे शब्दांची काटछाट नव्हे. प्रकरणाने स्वीकारलेल्या एका प्रश्नाच्या उत्तरास जे उपयोगी नाही, ते मनोरंजक असले तरी बाहेर ठेवणे, हा संक्षेप. अध्यापकवर्गाला हे विशेष जड जाते, कारण माहिती असूनही न सांगणे हे त्याच्या व्यवसायधर्माच्या विरुद्ध आहे.

माहितीच्या अधिकाराविषयीच्या प्रकरणाचे उदाहरण घेता येईल. अशी प्रकरणे अनेक अभ्याससाहित्यांत आढळतात. त्यांचा प्रारंभ १७६६ च्या स्वीडनमधील कायद्याने होतो, मग संयुक्त राष्ट्रसंघ, मग महाराष्ट्राचा २००२ चा कायदा, मग १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णांशाने अमलात आलेला केंद्रीय कायदा, त्याची व्याप्ती, महत्त्व आणि मर्यादा. अर्ज कसा करावा हे शेवटच्या अर्ध्या पानात, आणि तेही ‘विहित नमुन्यात अर्ज करणे आवश्यक असते’ एवढ्यात आटोपते. हे प्रकरण वाचून विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होईल. ज्या दिवशी त्याच्या आईचा शिधापत्रिकेचा अर्ज तहसील कार्यालयात अडकेल, त्या दिवशी त्याला त्याचा उपयोग होणार नाही.

तेच प्रकरण कर्ता ठरवून लिहिले तर प्रारंभ त्या अडकलेल्या अर्जापासून होईल. अर्जदाराने संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहावा. त्यावर दहा रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीने शुल्काऐवजी तसा पुरावा जोडावा. ‘माझे काम का झाले नाही’ असे न विचारता ‘अमुक तारखेच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ अशी मागणी करावी, कारण अधिकाऱ्याने अभिलेखात आहे ते द्यावयाचे असते, खुलासा करावयाचा नसतो. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्यानंतरच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील. तेथेही निराशा झाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. एवढे झाल्यावर स्वीडनसाठी एखादा परिच्छेद उरला तर तो अवश्य द्यावा. जिज्ञासू विद्यार्थी तो वाचेलही.

पर्यावरण अभ्यासाच्या प्रकरणांबाबतही हेच म्हणता येते. ‘भूजलाचा अपव्यय टाळणे आवश्यक आहे’ या वाक्यात सर्वांचे एकमत असते. त्याऐवजी ‘महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकाने दत्तक गावातील दहा विहिरींची पाणीपातळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजावी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी’ असे लिहिल्यास मतभेद लगेच सुरू होतात : रविवारी विद्यार्थी येतील काय, विहिरींचे मालक परवानगी देतील काय, दोर कोण आणील. हे प्रश्न त्रासदायक असले तरी ते करावयाच्या कामाविषयीचे आहेत. पहिल्या वाक्याने असा एकही प्रश्न निर्माण केला नव्हता.

कर्त्याचे नाव घेण्याची किंमत

कर्त्याचे नाव घ्यावे हे सांगणे सोपे आहे. त्याची किंमत मोजावी लागते, हेही नमूद केले पाहिजे. ‘असूडा’चे पहिले दोन भाग नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रात प्रसिद्ध झाले आणि पुढचे भाग छापण्याचे थांबले. लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतलेच, जोतीरावांचे सहकारी. परक्याने नव्हे, आपल्याच पत्राने हात आखडता घेतला. जोतीरावांनी याबद्दलचा संताप लपविलेला नाही. पण सरकारी खात्यांची व अधिकाऱ्यांची उघड हजेरी घेणारा मजकूर छापणाऱ्या लहान पत्राची अडचणही समजण्यासारखी होती. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत, म्हणजे १८९० पर्यंत, छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने धनंजय कीर व स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली १९६९ मध्ये समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, तेव्हा तो सर्वसामान्य अभ्यासकांच्या आटोक्यात आला.

आजच्या अध्यापक-लेखकाची अडचण एवढी मोठी नसली तरी त्याच जातीची आहे. ‘कारखान्याने सांडपाणी प्रक्रिया न करता सोडू नये’ असे लिहिले की कोणता कारखाना, हा प्रश्न येतो. आणि त्या कारखान्याचे संचालक संस्थेच्या नियामक मंडळावरही असू शकतात. कर्ताहीन वाक्य हे पुष्कळदा भाषेच्या अज्ञानातून नव्हे, तर अशा हिशेबातून जन्माला येते. संपादन मंडळापुढे आलेल्या हस्तलिखितात ‘होणे गरजेचे आहे’ अशी वाक्ये अधोरेखित करून लेखकाला प्रत्येक ठिकाणी ‘कोणी?’ एवढाच प्रश्न समासात विचारला, तर काही उत्तरे पाच मिनिटांत मिळतील. काही वाक्ये लेखक स्वतःच काढून टाकील. उरलेल्या दोन-तीन ठिकाणी तो उत्तर देण्यापूर्वी प्राचार्यांच्या कार्यालयात जाऊन येईल; आणि त्या प्रकरणाचा खरा विषय बहुधा त्याच दोन-तीन वाक्यांत असतो.